बोअरच्या पाण्यातलं पुरण

सुरतेत गोडादऱ्याच्या घरात राहायला गेलो तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते आणि दिवाळी यायच्या आत त्यांचा काथ्या झाला. शिकेकाई झाली, रिठे झाले, शेजारच्या ओडिया बाईने सांगितलेलं कसलंसं तेल झालं, पण डोक्यावर तांब्या ओतला की केस चिकट आणि वाळले की ताठ. माय वेणी घालताना फणी ओढायची, मी कळवळायची, आणि ती म्हणायची, "माझ्यावर काय चिडतेस, तुझ्या बापावर चीड. त्यांनी पसंत केलंय हे पाणी." वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा घरात आले की मायचं हे बोलणं बंद व्हायचं. मग ती नुसती फणी ओढायची.

त्याआधी आम्ही लिंबायतला एका खोलीत राहत होतो. खाली लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना होता, त्याच्या खटखटीने भिंतीवरची भांडी दिवसरात्र थरथरायची, आणि सकाळी नळ आला की गल्लीत हंड्यांची रांग आणि रांगेत भांडणं. पण ते पाणी तापीचं होतं, गोडं. डाळ चुलीवर ठेवून बाई पोळ्या लाटायला बसली की पोळ्या होईस्तोवर डाळ फुटलेली असायची. अण्णांना त्या रांगेची फार लाज वाटायची. बायको हंड्यासाठी चारचौघींत भांडते हे त्यांना सहन होईना. म्हणून त्यांनी गोडादऱ्यात रो-हाउस घेतलं. तेव्हा तिथे निम्मी शेतं आणि निम्म्या सोसायट्या होत्या. सोसायटीच्या कोपऱ्यात बोअर, त्यावर मोटर, वर टाकी, आणि घरात चोवीस तास पाणी. या चोवीस तास पाण्याचं अण्णांनी इतकं कौतुक केलं की ऐकणाऱ्याचे कान किटावेत. पाहुणा आला की त्याला आधी पाण्याचा पेला नाही द्यायचे, आधी मोरीत नेऊन नळ पूर्ण सोडून दाखवायचे. "बघ धार. केव्हाही ये, केव्हाही सोड." त्यांच्या दोन चुलतभावांनी त्या धारेकडे बघूनच त्याच सोसायटीत घरं बोलून ठेवली.

आता धार होती हे मी नाकारत नाही. पण त्या धारेतून जे पडायचं त्याला पाणी म्हणायचं का, हा प्रश्न होता. मचूळ, जिभेवर पिठासारखं बसणारं. पिऊन तहान जायची नाही, पोट तेवढं डब्ब व्हायचं. चहावर तेलकट तवंग यायचा. कपड्याचा साबण घासघास घासला तरी फेस म्हणून नाही, बादलीत नासलेल्या दुधासारखे गोळे तरंगायचे आणि माझ्या शाळेच्या पांढऱ्या फ्रॉकवर ते चिकटून वाळायचे. पितळी हंडा चिंचेने लखलखीत घासून ठेवला की दुसऱ्या दिवशी आतून पांढरा. पाणी तापवायच्या पातेल्यात खारीचा असा थर बसायचा की माय तो उलथन्याने खरवडून काढायची, आणि तो आवाज ऐकून माझे दात शिवशिवायचे. तुरीची डाळ शिजायचीच नाही. दाणा वरून मऊ दिसायचा, बोटात धरला की आत खडा. मग मायने चिमूटभर खायचा सोडा टाकायला सुरुवात केली. सोड्याने डाळ फुटायची पण तिला साबणासारखी चव यायची, आणि त्या साबणासारख्या वरणाचा भुरका मारून अण्णा म्हणायचे, "छान झालंय."

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर अण्णांना सगळं कळत होतं याची. ते पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होते. रात्री जेवताना मिलच्या गोष्टी सांगायची त्यांना हौस. बोअरचं पाणी मिलमध्ये तसंच वापरत नाहीत, ते म्हणायचे. आधी मोठ्या टाक्यांतून काढून हलकं करतात. जड पाणी बॉयलरला दिलं तर नळ्यांत खार धरतो, नळ्या फुटतात. कापडाला दिलं तर रंग बसत नाही, डाग पडतात, शेठ बोंबलतो. "पाणी हलकं नसेल तर सगळं काम वाया," असं ते बोट वर करून सांगायचे, आणि आम्ही त्यांच्यासमोर बसून तेच जड पाणी पीत असायचो. पॉलिस्टरच्या साडीला हलकं पाणी आणि घरच्या बायकांना बोअर. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. अण्णा म्हणाले, "सवय होते." झाली का? माझं वय आता साठीपुढे गेलं, स्वयंपाकघरात भिंतीवर पाण्याचं मशीन लटकतंय, दर थोड्या महिन्यांनी एक मुलगा येऊन त्याच्या पोटातल्या काळ्यापिवळ्या नळ्या बदलतो आणि काढलेली नळी मला दाखवून गुजरातीत म्हणतो, "जुओ मासी, तमारुं पाणी." दाखवतोस काय बाबा, मी त्यात वाढले.

पण केसांचं आणि चहाचं रडगाणं गायला मी हे लिहायला घेतलेलं नाही. मला सुनंदाकाकूबद्दल सांगायचं आहे.

सुनंदाकाकू म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाची, प्रकाशकाकाची बायको. काका लूमवर कामाला होता आणि आमच्याबरोबरच राहायचा. काकू चाळीसगावकडच्या खेड्यातली, माझ्याहून फार मोठी नव्हती, आणि लग्न होऊन आली ती थेट या बोअरच्या घरात. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या केसांना हात लावून म्हटलं होतं, "अगं बाई, हे तर घोड्याचे." मी चिडले, मग हसले, मग आमची गट्टी जमली. ती कपडे धुताना साबणाला शिव्या द्यायची, त्याही गाण्याच्या चालीवर. माझी माय कमी बोलणारी, अण्णा स्वतःचंच ऐकणारे, त्या घरात हसायला शिकवलं ते काकूने.

त्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसायची ठरली. खानदेशातल्या माणसाला कानबाई सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, डोरलं, साडी घालून देवी मांडतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्यापुढे गव्हाच्या पिठाचे रोट असतात, आणि तो रोट फक्त घरच्या माणसांनी, भाऊबंदांनी खायचा. शेजाऱ्याला नाही, जिवाभावाच्या मित्राला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. नव्या सुनेच्या हातावर पहिल्यांदा रोट पडला की ती या घरची झाली, मग लग्नाला कितीही महिने झालेले असोत. काकूची ती पहिली कानबाई. मायने तिच्यासाठी हिरवी साडी काढून ठेवली होती, आणि काकूने ती दिवसातून कितीदा तरी उलगडून परत घडी घातली.

आजवर कानबाई गावाकडे जिजीच्या घरी बसायची. जिजी म्हणजे अण्णांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. अण्णा आणि प्रकाशकाका दोघांनाही तिने लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे तिच्यासमोर हे दोघे बाप्ये मान खाली घालून उभे राहायचे. त्या वर्षी अण्णांनीच हट्ट धरला, की नवं घर झालंय, देवी सुरतेला बसवू. सगळे भाऊबंद बघायला येतील हे त्यात होतंच. जिजी तयार झाली. आली ती गव्हाचं पोतं घेऊनच आली, आणि आल्या आल्या अण्णांनी तिला मोरीत नेऊन नळ सोडून दाखवला. जिजी म्हणाली, "पानी बरं शे." मग चूळ भरली आणि थुंकली.

कानबाईच्या स्वयंपाकाचं सोवळं कडक. घर सारवूनपुसून घ्यायचं, दळण घरचं, भांडी पितळी. कुकर चालत नाही, बाजारचं काही चालत नाही, म्हणजे सोडाही नाही. पुरण घालायचं ते चुलीवर, त्याच सकाळी भरलेल्या ताज्या पाण्यात. जिजीने मान म्हणून पुरणाची डाळ काकूच्या हातून ठेवायला लावली. हरभऱ्याची डाळ, मोठं कल्हईचं पातेलं, भरपूर पाणी. मी बाजूला बसून लाल भोपळा चिरत होते. मायने पातेल्याकडे बघितलं तेव्हाच तिचा चेहरा पडला होता. ते मी बघितलं आणि मलाही कळलं, पण माय गप्प, म्हणून मी गप्प.

डाळीला उकळी आली, फेस आला, काकूने तो काढला. पुरणपोळीची कणीक मळून झाली, खीर झाली, भोपळ्याची भाजी झाली. डाळ आहे तशी. काकूने आणखी लाकडं घातली, आणखी पाणी घातलं, म्हणजे आणखी तेच पाणी घातलं. बाहेरच्या खोलीत भाऊबंद जमायला लागले, बायका आत येऊन डोकावून जायला लागल्या. डाळीचं पाणी आटून पिवळं झालं, डाळीचे दाणे मात्र पातेल्यात मोत्यांसारखे वेगवेगळे. काकूने एक दाणा बोटांत चेपला, चेपेना, तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती तेव्हासुद्धा हसायचा प्रयत्न करत होती.

जिजी आली. तिने पळीने डाळ वर काढली, बघितली, पळी खाली ठेवली. "कानबाईनी दाय शिजत नही," ती म्हणाली. "कोनी शिवाशिव करी?"

कोणी म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती. डाळ ज्या हाताने ठेवली तो हात सगळ्यांना दिसत होता. जिजीने काकूला सरळ विचारलं, बाहेरच्या खोलीतल्या पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात, की बाहेर बसायचे दिवस नीट पाळलेस का, मोजण्यात चुकलीस का. काकूचा चेहरा लाल झाला. "नाही हो जिजी, कधीच होऊन गेलं. हिच्या मायला विचारा." माय म्हणाली, "हो जिजी, खरं आहे ते." मग खालच्या आवाजात तिने जोडलं, "पाणी जड आहे जरा इथलं."

"पानीले काय धाड भरनी?" जिजी म्हणाली. "रोज दाय खातस ना?"

रोज सोडा घालतो, एवढंच म्हणायचं होतं मायला. तेवढं म्हणायला तिने दाराकडे बघितलं. दारात अण्णा उभे होते. त्यांच्यामागे ते दोन चुलतभाऊ, ज्यांनी धार बघून घरं बोलून ठेवली होती. एक जण म्हणालाही, "काय रे, पाणी खराब आहे का इथलं?" सहज विचारलं त्याने. आणि माझा बाप, ज्याला जड पाणी म्हणजे काय हे त्या घरात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, ज्याची भाकरीच त्यावर होती, तो म्हणाला, "छे, पाण्याला काय झालंय. चोवीस तास आहे."

मला राहवलं नाही. मी विळीवरून उठले आणि म्हणाले, "अण्णा, तुम्हीच सांगता ना, मिलमध्ये हे पाणी चालत नाही म्हणून. मग डाळ कशी शिजेल?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बेबी, गच्चीवर जाऊन बस," म्हणाले. मी हलले नाही. तेव्हा मायनेच मला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं आणि वर ढकललं. मायचा तेव्हा आला तेवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. अण्णांचासुद्धा नाही. अण्णांकडून मी तशी फार अपेक्षा ठेवली नव्हती.

पुढचं मला मायने नंतर सांगितलं. जिजीने निवाडा केला, की चूक कळो न कळो, देवीची माफी मागायची, नाहीतर या सुनेला रोट मिळणार नाही. काकूने डोक्यावरून पाणी घेतलं, तेही बोअरचंच, आणि ओल्या साडीत कानबाईपुढे नाक घासलं. जे केलं नव्हतं त्याची माफी मागितली. मग जिजीने प्रकाशकाकाला सायकलवर पिटाळलं, "तापीनं पानी लई ये." तापीला पूर होता, पाणी लालभडक. काका तेवढा शहाणा की तो नदीवर गेलाच नाही. लिंबायतला आमच्या जुन्या गल्लीत गेला आणि नळावरून कॅन भरून आला. जिजीने विचारलं, तापीचंच ना, आणि तो म्हणाला, तापीचंच. खोटं बोलला नाही तो. बायकोसाठी त्या दिवशी त्याने तोंडातून काढलेला तो एकुलता एक शब्द.

जिजीने स्वतःच्या हाताने नवी डाळ ठेवली. गच्चीवर मला वास आला तेव्हाच कळलं, शिजली. शिजणारच होती, नळाचं पाणी होतं. मी जिन्यातून धावत खाली आले, मला वाटलं आता तरी सगळ्यांना दिसलं, आता कोणीतरी म्हणेल की अरे, पाण्याचाच दोष होता. खाली जिजी पळीने डाळ घोटत होती, ती लोण्यासारखी मोडत होती, आणि ती सगळ्या बायकांना म्हणत होती, "देखा. माफी मागी आन शिजनी." बायकांनी हात जोडले. ज्या गोष्टीने काकू सुटायला हवी होती, त्याच गोष्टीने ती पक्की अडकली. आजही हे आठवलं की माझ्या हातातली वस्तू मी जोरात खाली ठेवते आणि सून विचारते, "काय झालं मम्मी?" काही नाही झालं, तू पोळ्या कर.

काकूला रोट मिळाला. सगळ्यांत शेवटी मिळाला. तिने हिरव्या साडीच्या पदरात तो घेतला आणि मोरीजवळ बसून एकटीने खाल्ला. त्यानंतर तिने कानबाईला पुरणाच्या पातेल्याला कधी हात लावला नाही. दर वर्षी म्हणायची, "तुम्ही घाला, माझ्या हाताचं नको." श्रावण जवळ आला की तिचं मोजणं सुरू व्हायचं, कॅलेंडरवर खुणा, बोटांवर खुणा, आणि जरा शंका आली की माहेरी निघून जायची. पुढे पोरं झाली, ती मोठी झाली, मोजायचं वय सरलं, तरी पातेल्यापासून लांबच. मी तिला कितीदा तरी सांगितलं की काकू, पाणी होतं ते. ती म्हणायची, "असेल गं. पण माझंही कुठं चुकलं असेल. तेव्हा मी लहान होते, लक्षात राहत नाही." साबणाला शिव्या देणारी ती काकू मला पुन्हा फार दिसली नाही. मी रागावून विषय सोडून द्यायची, दर वर्षी.

माझं लग्नही इथेच झालं, दोन सोसायट्या पलीकडे राहते. काकूला आता दिसायला कमी येतं, पण दुपारी चहाला चालत येते. गेल्या उन्हाळ्यात ती बसलेली असताना एक पोरगा आला, पाणी हलकं करायचं मशीन विकणारा, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग. आमच्या सोसायटीत अजूनही नळाच्या पाण्यात बोअरचं मिसळतात, म्हणून अशांचा राबता असतो. मी घालवूनच देणार होते, पण तो तोवर खाली बसून दोन बाटल्या मांडून मोकळा झाला. एकीत त्याने आमच्या मोरीतलं पाणी भरलं, दुसरीत स्वतःजवळचं. दोन्हींत साबणाचं तेवढंच पाणी टाकून त्या हलवल्या. त्याच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस, आमच्या बाटलीत गोळे. "देखो आंटी," तो म्हणाला, "इस पानी में तो दाल भी नहीं गलती. कितना भी पकाओ. हाथ का कोई दोष नहीं, पानी ही ऐसा है."

काकूने बाटली हातात मागितली. डोळ्यांजवळ नेली, हलवली, परत हलवली. पोरगा किमती सांगत होता, मी त्याला नको म्हणत होते, तो उठून गेला तरी ती बाटली तिच्या हातात होती, तो मागायचाही विसरला. मग ती बोलली, आणि ती मनातलं बोलायला लागली की अहिराणीवर येते. "बेबी, दादासले माहीत व्हतं?"

दादा म्हणजे अण्णा, तिचे थोरले दीर. त्या दिवशी मी विळीवरून उठून जे बोलले ते तिच्या कानात शिरलंच नव्हतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी काहीही सांगू शकले असते. पण आयुष्यभर याच गोष्टीवर मी जळफळत आले होते, म्हणून मी म्हणाले, "हो काकू. सगळ्यांत जास्त त्यांनाच माहीत होतं."

तिने बाटली मांडीवर धरली. मग तिने मला एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊक नव्हती, कारण मी तेव्हा गच्चीवर होते. देवीपुढे नाक घासून ती तशीच पडून होती, उठायची हिंमत होईना. काका कुठे तरी मागे लपलेला, माय रडत होती, बाकीच्या बायका बघत होत्या. तेव्हा अण्णा पुढे आले, खांद्यावरचा पंचा काढून तिला डोकं पुसायला दिला, आणि म्हणाले, "ऊठ पोरी. देवी माफ करते." एवढ्या घरात तिच्याशी प्रेमाने बोललेलं ते एकच माणूस, असं तिने धरलं. त्या एका वाक्यावर तिने अण्णांचं सगळं केलं. शेवटी त्यांना अर्धांगवायू झाला, मायचे गुडघे गेलेले, मी माझ्या संसारात, तेव्हा त्यांना भरवलं काकूने, कूस बदलली काकूने, त्यांची अंथरुणं तिनेच धुतली, त्याच पाण्यात, त्याच फेस न येणाऱ्या साबणाने. आम्ही सगळे म्हणायचो, भावजय असावी तर अशी.

मी तिच्या हातातून बाटली घ्यायला गेले. तिने सोडली नाही.

"मंग माले माफी कशानी दिधी त्यासनी?" ती म्हणाली.